गोरिलाचे पिल्लू लवकर सुटते, ओरांगउटानचे उशिरा: महाकपींमध्ये दूध सुटण्याचे वय का बदलते

कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: "गोरिला हा सर्वांत अवजड कपी, तरी पर्वतीय गोरिलाचे पिल्लू साडेतीन-चार वर्षांत दूध सोडते. चिंपांझीचे पिल्लू पाच वर्षांच्या आसपास सोडते आणि ओरांगउटानचे मात्र सात-आठ वर्षे अंगावर पिते. शरीर जितके मोठे तितके बालपण लांब, हा नियम इथे उलटा कसा पडतो? शिवाय एकाच जातीसाठी दोन पुस्तकांत दोन निराळी वये का दिलेली असतात?"

तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले आहेत आणि दुसरा भाग आधी सोडवल्याशिवाय पहिल्याचे उत्तर नीट देता येत नाही. तरीही मुद्दा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. दूध सुटण्याचे वय हा जातीला कायमचा चिकटलेला आकडा नाही. आईला त्या रानात वर्षभर अन्न किती आणि किती भरवशाने मिळते, पिल्लाला स्वतःच्या हातातोंडाने पोट भरता येईल असे अन्न कितव्या वर्षी आवाक्यात येते, आणि दरम्यानच्या काळात ते पिल्लू दगावण्याची शक्यता किती, या तीन गोष्टी त्या वयाला पुढेमागे सरकवत असतात. शरीराचा आकार या तिन्हींनंतर येतो. मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आणि पन्हाळ्याच्या परिसरातील वानरांच्या टोळ्यांमागे हिंडलो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, "अमुक जात अमुक वर्षी दूध सोडते" असे एकच वाक्य देऊन थांबणारी पुस्तके विद्यार्थ्याला चुकीची सवय लावतात, कारण या विषयातील सर्वांत मोलाची माहिती त्या सरासरीभोवतीच्या फरकातच असते.

आता आकडे वेगवेगळे का असतात ते पाहू. रानातला निरीक्षक दुर्बिणीतून पिल्लाचे तोंड स्तनाग्राला लागलेले पाहतो. दूध पोटात गेले की नाही, हे त्याला दिसत नाही. मोठे झालेले पिल्लू घाबरले, भांडणात मार खाऊन आले, किंवा आईने दूर सारले की पुन्हा तिच्या छातीशी जाऊन तोंड लावते. त्या वेळी दूध आलेच पाहिजे असे नसते. उलट, खरे पिणे अनेकदा दिसतच नाही. महाकपी, म्हणजे ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि त्याचा जवळचा नातेवाईक बोनोबो, रोज संध्याकाळी फांद्या मोडून झोपण्यासाठी घरटे करतात, पिल्लू आईच्याच घरट्यात झोपते, आणि रात्री त्या पानांच्या ढिगात काय चालते ते खाली उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. ओरांगउटान तर उंच झाडांच्या शेंड्यांत राहतो, त्यामुळे दिवसाची नोंदही तुटक मिळते. काही अभ्यासक शेवटचे दिसलेले तोंड लावणे हेच दूध सुटण्याचे वय धरतात, काही जण विशिष्ट कालावधीत पिताना दिसले नाही तर सुटले असे मानतात, आणि काही जण दोन बाळंतपणांतील अंतरावरून मागे मोजत येतात. तिन्ही रीतींनी आकडा वेगळा येणारच.

ही अडचण रसायनशास्त्राने बरीच सोडवली आहे. दूध पिणारे पिल्लू एका अर्थाने आईच्या शरीरावर जगत असते, म्हणून त्याच्या शरीरातील जड नायट्रोजनचे (नायट्रोजनच्या जास्त वजनाच्या अणूंचे) प्रमाण आईपेक्षा एक पायरी वर असते. ते पाने-फळे खाऊ लागले की हे प्रमाण हळूहळू आईच्या पातळीला येते. विष्ठेच्या नमुन्यांवरून हे मोजता येत असल्यामुळे प्राण्याला हात न लावता नुसते बिलगणे आणि खरे दूध पिणे यांत फरक करता येतो. युगांडातील किबाले अरण्यातल्या न्गोगो येथील चिंपांझींवर आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील लुईकोटाले येथील बोनोबोंवर या पद्धतीने काम झाले आहे.

दातांची पद्धत मात्र मला याहूनही विलक्षण वाटते. बेरियम हे मूलद्रव्य कॅल्शियमसारखे वागते. ते आईच्या हाडांतून दुधात उतरते आणि पिल्लाच्या त्या वेळी घडत असलेल्या दातात बसते. दातावरचे इनॅमल आणि आतले डेंटिन थर चढत चढत वाढतात. त्या थरांत रोजच्या वाढीच्या रेषा असतात आणि जन्माच्या क्षणाचीही एक स्पष्ट रेषा असते. दाताची पातळ चकती कापून तिच्यावर लेसरचा सूक्ष्म ठिपका रेषेमागून रेषेवर फिरवला की प्रत्येक वयाला बेरियम किती होते याचा आलेख मिळतो. दूध जास्त तर बेरियम जास्त, दूध थांबले की बेरियम खाली. टान्या स्मिथ, ख्रिस्टीन ऑस्टिन, मनीष अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली संग्रहालयांत जतन केलेले बोर्निओ आणि सुमात्रा येथील रानटी ओरांगउटानांचे दात असे तपासले. पहिल्या वर्षभरात बेरियम चढत जाते, मग उतरते, आणि पुढची कितीतरी वर्षे ते पुन्हा पुन्हा चढते-उतरते. एका पिल्लाच्या दातात 8.8 वर्षांपर्यंत दुधाची खूण सापडली. इतक्या दीर्घ काळ दूध पिण्याचा पुरावा दुसऱ्या कोणत्याही रानटी कपीबाबत मिळालेला नाही.

या आलेखातील चढ-उतार नीट समजून घ्या, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. आपण मनात असे चित्र धरतो की दूध सुरुवातीला पूर्ण असते, मग थोडे थोडे कमी होते आणि एक दिवस थांबते. ओरांगउटानचे दात सांगतात की पिल्लू एकदा वरच्या अन्नावर गेल्यावरही परत दुधाकडे येते, मग पुन्हा वरच्या अन्नाकडे जाते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण त्या अरण्यातल्या फळांत आहे. आग्नेय आशियातील सखल प्रदेशातल्या जंगलांत डिप्टेरोकार्प कुळातील प्रचंड झाडे आणि त्यांच्यासोबत इतर अनेक जाती काही वर्षांच्या अनियमित अंतराने एकदम फुलतात आणि फळतात, बहुतेकदा एल निनोच्या कोरड्या वर्षांशी जुळवून. आपल्या सह्याद्रीत कारवी सात वर्षांनी डोंगरच्या डोंगर भरून फुलते तसेच हे आहे, फक्त तिथे अंतर ठरलेले नसते आणि पुढचा बहर कधी येईल हे कोणत्याच प्राण्याला माहीत नसते. मधल्या काळात ओरांगउटानला पाने, झाडांची आतली साल आणि कडक बिया यांवर दिवस काढावे लागतात. बोर्निओतील गुनुंग पालुंग येथे शेरिल नॉट यांनी 1990च्या दशकात जमवलेल्या मूत्राच्या नमुन्यांत टंचाईच्या महिन्यांत कीटोन आढळले, म्हणजे हे प्राणी अंगावरची चरबी जाळून जगत होते. मोठ्या प्राण्याला साल आणि कडक बिया कशाबशा पचतात आणि फोडता येतात. तीन-चार वर्षांच्या पिल्लाचे जबडे, दात आणि आतडे त्या अन्नाला पुरे पडत नाहीत. अशा वेळी आईचे दूध हाच त्याचा आधार असतो. म्हणून बहराच्या काळात जे पिल्लू जवळपास सुटल्यासारखे दिसते, तेच टंचाईत पुन्हा प्यायला लागते, आणि आईचे दूध पूर्ण आटू न देता वर्षानुवर्षे थोडे थोडे चालू ठेवणे हा त्या जातीच्या जगण्याचा भाग बनला आहे.

इथे कोणी विचारेल की आठ वर्षे दूध देणे आईला परवडते कसे. दुधाच्या प्रतीत याचे एक उत्तर आहे. कोल्हापूर जिल्ह्यात संकलन केंद्रावर फॅट लावूनच दूध घेतले जाते आणि म्हशीच्या दुधाची सहा-सातची फॅट सर्वांच्या ओळखीची आहे. महाकपींचे दूध त्या मानाने फार पातळ असते. त्यात स्निग्धांश आणि प्रथिने कमी, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, साधारण सात टक्क्यांच्या आसपास असते. पिल्लू चोवीस तास आईच्या अंगाला चिकटलेले असल्यामुळे ते थोडे थोडे, वारंवार पिऊ शकते. एका दमात पोट भरण्याची गरज नसते. त्यामुळे आईवर रोजचा भार कमी पडतो, पण तो फार वर्षे चालतो, आणि पिल्लाची वाढही संथ राहते. दुसरे उत्तर धोक्याशी निगडित आहे. ओरांगउटान आई एकटी किंवा पिल्लासह हिंडते, झाडावरच राहते, आणि नराने पिल्लू मारल्याची खात्रीशीर नोंद या जातीत जवळपास नाही. मारिया व्हॅन नूर्डवाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमात्रा व बोर्निओतील अनेक ठिकाणांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र करून 2018 साली दाखवले की दोन बाळंतपणांत सरासरी 7.6 वर्षांचे अंतर असते आणि धाकटे भावंड जन्मेपर्यंत दहांपैकी जवळपास नऊ पिल्ले जिवंत राहतात. रानटी सस्तन प्राण्यात हा जगण्याचा दर असाधारण आहे. जिथे पिल्लू जगण्याची एवढी खात्री असते, तिथे एकाच पिल्लावर दीर्घकाळ खर्च करणे आईला तोट्याचे ठरत नाही. मात्र याच संथपणामुळे जंगल तोडले गेले आणि माद्या मारल्या गेल्या की ही जात सावरू शकत नाही. एक मादी हयातभरात मोजकीच पिल्ले वाढवते, हे संवर्धनाच्या प्रत्येक हिशेबात आधी लिहिले पाहिजे.

आता गोरिलाकडे वळू. रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरील विरुंगा पर्वतात डायन फॉसी यांनी 1967 साली कारिसोके हे केंद्र सुरू केले, त्यामुळे तिथल्या पर्वतीय गोरिलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आज उपलब्ध आहेत. उंचीमुळे तिथे फळे फारशी नाहीत. गोरिला रानटी सेलेरी, काटेरी थिसल, खाजकुयलीसारखी खाज आणणारी नेटल, जमिनीवर पसरणारे गॅलियम आणि हंगामात बांबूचे कोंब खातात. हे अन्न फार पौष्टिक नसले तरी ते बारा महिने, पायाखाली, हवे तितके असते. गोरिलाचे पिल्लू जन्मानंतर काही महिन्यांतच आईच्या पुढ्यातला पाला चघळू लागते. त्याला झाडाच्या शेंड्यावरचे फळ शोधायचे नसते, कवच फोडायचे नसते, कोणते झाड कोणत्या महिन्यात फळते हे लक्षात ठेवायचे नसते. फक्त काटे आणि खाज चुकवून देठ सोलायचा, एवढे कौशल्य पुरते. म्हणून ते लवकर वाढते आणि साडेतीन-चार वर्षांत दुधावाचून राहू शकते. विरुंगात दोन बाळंतपणांतील अंतर सुमारे चार वर्षांचे असते. गोरिलाची मादी सरासरी नव्वद-शंभर किलोची आणि ओरांगउटानची पस्तीस-चाळीस किलोची असते, तरी गोरिलाचे बालपण छोटे. तुमचा आकाराचा नियम इथे कोलमडतो, त्याचे मूळ हे आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा गोरिलांमध्येच मिळतो. मध्य आफ्रिकेच्या सखल अरण्यातले पश्चिमी गोरिला फळे जास्त खातात आणि फळांसाठी त्यांना ऋतूप्रमाणे दूर फिरावे लागते. काँगो प्रजासत्ताकातील म्बेली बाई नावाच्या दलदलीच्या मोकळ्या मैदानात उंच माचाणावरून त्यांचे निरीक्षण वर्षानुवर्षे चालू आहे. तिथल्या पिल्लांची वाढ विरुंगातल्या पिल्लांपेक्षा संथ असते आणि दूध सुटण्याचे वय साडेचार-पाच वर्षांच्या आसपास जाते. वंश एकच, शरीररचना जवळजवळ तीच, पण अन्न बदलले की वय वर्षभराने किंवा त्याहून जास्त सरकते. युगांडातील ब्विंडीचे गोरिला पर्वतीयच असले तरी त्यांच्या आहारात फळे अधिक आहेत, आणि त्यांच्या दोन बाळंतपणांतील अंतरही विरुंगापेक्षा जास्त आहे. जातीची तुलना करण्यापेक्षा अशा जवळच्या नातेवाइकांची तुलना जास्त बोलकी असते, कारण इतर बरेच घटक त्यात आपोआप समान राहतात.

गोरिलाच्या बाबतीत धोक्याचे पारडेही वेगळे आहे. टोळीचा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ पांढरी झालेला प्रमुख नर, मेला आणि माद्या दुसऱ्या नराकडे गेल्या, तर अंगावर पिणारे पिल्लू त्या नव्या नराकडून मारले जाण्याचा धोका खरा असतो. पिल्लू गेले की आईचे दूध थांबते आणि तिला पुन्हा पाळी सुरू होते, हाच त्या नराचा फायदा. अशा परिस्थितीत पिल्लू जितका जास्त काळ दुधावर, तितका जास्त काळ ते या धोक्यात राहते. लवकर सुटण्यामागे हेही एक कारण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. माझ्या मते अन्नाचे कारण जास्त वजनदार आहे, कारण असाच धोका पश्चिमी गोरिलांच्या समाजरचनेतही आहे आणि तरीही त्यांची पिल्ले उशिरा सुटतात.

दूध आणि पुढचे गरोदरपण यांचा शरीरातला दुवा नेमका कसा चालतो, हे चिंपांझींच्या अभ्यासातून चांगले समजते. पिल्लू स्तनाग्र ओढते तेव्हा प्रोलॅक्टिन हे दुधाशी निगडित संप्रेरक वाढते आणि मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारे संकेत मंदावतात, त्यामुळे बीज सुटत नाही. पण हे फक्त ओढण्याच्या संख्येवर चालत नाही. आईच्या शरीरात ऊर्जा शिल्लक आहे की नाही, यावरही पाळी परत येणे अवलंबून असते. युगांडातील कान्यावारा येथे रिचर्ड रँगहॅम यांनी 1987 साली सुरू केलेल्या प्रकल्पात माद्यांच्या मूत्रातील सी-पेप्टाइड मोजले जाते. हे इन्सुलिन तयार होताना सुटणारे रेणू असल्यामुळे ते खाण्यापिण्याची स्थिती दाखवते. ज्या काळात फळे भरपूर आणि आईची ऊर्जास्थिती चांगली, त्या काळात पिल्लू अजून पीत असतानाही तिचे ऋतुचक्र परत येऊ शकते. म्हणजे क्रम बहुतेकदा आपण समजतो त्याच्या उलट असतो: दूध सुटले म्हणून गर्भ राहिला असे नसून गर्भ राहिला म्हणून दूध आटत गेले. आईने पिल्लाला ठरवून तोडले, असे चित्र रंगवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

चिंपांझींच्या एकाच समूहात दोन आयांची पिल्ले वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने सुटलेली आढळतात. टांझानियातील गोम्बे येथे अॅन प्युसी, जेनिफर विल्यम्स आणि जेन गुडॉल यांनी 1997 साली दाखवले की वरच्या दर्जाच्या माद्यांची पिल्ले जास्त जगतात, त्यांच्या मुली लवकर वयात येतात आणि त्या माद्यांना पिल्ले अधिक वेगाने होतात. यामागे चांगल्या फळझाडांजवळचा टापू हाती असणे हे कारण असावे. ज्यांच्या वाट्याला कमी अन्न येते त्या आयांना एकाच पिल्लाला दीर्घकाळ पोसत राहावे लागते. आईचे वयही मोजले पाहिजे. गोम्बेतील फ्लो ही वृद्ध मादी आपल्या फ्लिंट या मुलाला तोडू शकली नाही. तो रडून-आक्रस्ताळेपणा करून हट्ट करी आणि ती नमते घेई. 1968 साली फ्लेम ही मुलगी झाली, पण ती सहा महिन्यांची असतानाच गेली, आणि फ्लिंट पुन्हा आईच्या पाठीवर आणि तिच्याच घरट्यात राहू लागला. 1972 साली फ्लो मेली तेव्हा तो साडेआठ वर्षांचा होता, आणि काही आठवड्यांतच तोही मेला. एका प्राण्यावरून सिद्धान्त उभा करू नये. पण दुधाचा प्रश्न सुटल्यावरही आईची गरज संपत नाही, हे त्यानंतरच्या मोठ्या नोंदींनी पक्के केले आहे. आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यात आई गमावलेल्या, पण दूध सुटलेल्या चिंपांझी पिल्लांची वाढ मंदावते आणि अशा नरांना पुढे स्वतःची पिल्ले कमी होतात. तिथे दगडाने कवच फोडून बी खाण्याचे कौशल्य पूर्ण यायला पिल्लाला कित्येक वर्षे लागतात.

रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1974 साली मांडलेली आई आणि पिल्लू यांच्या हितसंबंधांतील संघर्षाची कल्पना तुम्ही अभ्यासली असेलच. पुढच्या पिल्लासाठी ऊर्जा राखणे आईच्या हिताचे, आणि अजून थोडे पिणे आत्ताच्या पिल्लाच्या हिताचे. हट्ट आणि आक्रोश यांना या कल्पनेने चांगला अर्थ मिळतो. पण पिल्लाचा सगळा ताण दुधाच्या भांडणातून येतो, असे समजू नये. लुईकोटालेच्या बोनोबोंमध्ये व्हेरेना बेहरिंगर आणि सहकाऱ्यांनी 2022 साली असे दाखवले की धाकटे भावंड जन्मताच मोठ्या पिल्लाच्या मूत्रातील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक सुमारे पाच पटींनी वाढते आणि जवळपास सात महिने चढेच राहते. ही पिल्ले वयाने दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान होती, काहींचे दूध कधीच सुटलेले होते, तरी ताणाची वाढ तशीच होती. दूध सुटणे आणि आईच्या जवळिकीतला आपला वाटा कमी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि वर्तनाच्या नोंदींत त्या सहज एकमेकींत मिसळतात.

अभ्यासक्रमातील एका जुन्या नियमाविषयीही सांगायला हवे, कारण परीक्षेत तो अजून विचारला जातो. पहिली कायमची दाढ फुटते तेव्हा प्राइमेटांत (माकडे, कपी आणि माणूस यांच्या गणात) दूध सुटते, असा एक ठोकताळा होता. माकडांच्या अनेक जातींना तो बऱ्यापैकी लागू पडतो. पण कान्यावारातील जिवंत पिल्लांच्या उघड्या तोंडाची छायाचित्रे वर्षानुवर्षे जमवून 2013 साली केलेल्या अभ्यासात ही दाढ तीन वर्षांच्या आसपासच फुटलेली दिसली, आणि पिल्ले त्यानंतरही बराच काळ पीत राहिली. दाढ आल्यावर ती प्रौढांसारखे घन अन्न खाऊ लागतात, एवढेच त्यातून सिद्ध होते. ओरांगउटानमध्ये तर ही दाढ साडेचार वर्षांच्या सुमारास येते आणि दूध त्यानंतरही तीन-चार वर्षे चालते. जन्माच्या वजनाच्या चौपट वजन झाले की दूध सुटते, हा फिलिस ली आणि सहकाऱ्यांनी 1991 साली मांडलेला ठोकताळाही जातींच्या सरासरीपुरताच उपयोगी आहे. एखाद्या पिल्लाविषयी त्यावरून काही सांगता येत नाही.

माणसाचा उल्लेख इथे थोडक्यात करतो. शेतीपूर्व पद्धतीने जगणाऱ्या समाजांत मूल साधारण दोन-तीन वर्षांत अंगावरचे दूध सोडते, म्हणजे आपण सर्व महाकपींपेक्षा लवकर सुटतो. शिजवलेले मऊ अन्न आणि आजी, मावशी, मोठी बहीण अशी भरवणारी माणसे, ही त्याची सर्वमान्य कारणे आहेत. चिंपांझी आईला तिच्या पिल्लासाठी अन्न आणून देणारे असे कोणी नसते.

शेवटी तुमच्या प्रबंधाविषयी. महाकपी पाहायला आफ्रिकेत जाण्याची वाट न पाहता हाच प्रश्न तुम्हाला कोल्हापुरात हाताळता येईल. भारतीय उपखंडातील वानरांवर याच मुद्द्याचे एक उत्तम उदाहरण आहे: जोधपूरला भाविकांच्या हातचे भरपूर खाणाऱ्या वानरांची पिल्ले तेरा महिन्यांच्या आसपास सुटतात, तर नेपाळातील रामनगरच्या साल वनात स्वतःच्या बळावर जगणाऱ्या वानरांची पिल्ले दोन वर्षांच्या आसपास. पन्हाळ्यावर पर्यटकांनी टाकलेल्या कणसांवर आणि शेंगांवर पोसलेल्या टोळ्या आहेत, आणि राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पाल्यावर जगणाऱ्या टोळ्या आहेत. दोन्हींत आधी पिल्लांची जन्मतारीख शक्य तितकी अचूक नोंदवा. मग तोंड लावणे, तोंड लावण्याचा प्रयत्न आणि आईचा नकार हे तिन्ही स्वतंत्र रकान्यांत लिहा. नकार ओळखणे अवघड नाही: आई हात छातीवर आडवा धरते, अंग वळवते किंवा पोटावर पालथी बसते, आणि पिल्लू शेपूट ताठ करून किंचाळत तिच्याभोवती फिरते. वानरांत इतर माद्याही पिल्लाला अंगावर घेतात, त्यामुळे पिल्लू कोणाच्या छातीला आहे हे प्रत्येक नोंदीत असू द्या. खाण्याची नोंद दुधाच्या नोंदीइतकीच काटेकोर ठेवा. त्या आठवड्यात झाडांवर काय होते आणि रस्त्यावर काय टाकले गेले, हे नसेल तर वयाच्या आकड्याचे कारण सापडणार नाही. वन विभागाची लेखी परवानगी काढून विष्ठेचे नमुने जमवता आले तर फारच चांगले. आणि पिल्लू महिनाभर पिताना दिसले नाही म्हणून त्याचे पान बंद करू नका. पुढचा उन्हाळा उलटेपर्यंत पाहत राहा, कारण ओरांगउटानच्या दातांत दिसला तसा दुधाकडे परतण्याचा प्रकार आपल्या वानरांतही होतो का, हे त्याच टंचाईच्या महिन्यांत कळेल.